शेवटचा माणूस पोचेपर्यंत

इंग्लंडमधल्या ईडेलच्या खोऱ्यातली जेकब्स लॅडरची दगडी पायवाट जिथे माथ्यावर संपते तिथे, पावसात, पंधरा-सोळा जणांचा एक गट थांबला होता. पुढचे आठ-दहा जण केव्हाचेच पोचलेले. त्यांचा चहा पिऊन झालेला, बिस्किटं संपलेली, बॅगांचे पट्टे पुन्हा आवळून झालेले. थंडी वाजायला लागली म्हणून जागच्या जागी पाय आपटणं चाललं होतं. खालून एक बाई सावकाश चढत आली. पन्नाशीची असेल, निळं जाकीट, चष्म्यावरून पाणी ओघळतंय. ती पोचली, एका खांद्यावरून बॅग उतरवली, बाजूच्या कप्प्यातला फ्लास्क काढला आणि झाकण फिरवायला घेतलं. तेवढ्यात पुढून आवाज आला, "आले ना सगळे? चला, निघू या मग." तिने झाकण होतं तसं घट्ट केलं, फ्लास्क परत ठेवला आणि चालायला लागली. कुणी तिला टाकून बोललं नव्हतं. सगळे तिच्यासाठीच तर थांबले होते.

तो न उघडलेला फ्लास्क काही केल्या डोक्यातून जात नाही.

हिशोब अगदी सोपा आहे. दिवसभरात सहा वेळा थांबायचं ठरलं आणि दर वेळी पुढचे लोक आठ मिनिटं आधी पोचले, तर त्यांना पाऊण तासाहून जास्त विश्रांती मिळते. शेवटच्या माणसाला मिळते शून्य मिनिटं. ज्याला दम खायची सगळ्यात जास्त गरज, तोच दिवसभर न थांबता चालतो, आणि तरीही "आपल्यामुळे सगळ्यांना खोळंबावं लागतंय" या ओझ्याने त्याची मान खाली. यावर उपाय आहे आणि तो पाळायला काहीच अवघड नाही. थांब्याचं घड्याळ शेवटचा माणूस बॅग खाली ठेवतो तेव्हा सुरू करायचं. पाच मिनिटं, तर त्याची पाच मिनिटं. पुढच्यांनी थांबताक्षणी जास्तीचा एक थर अंगावर चढवायचा, म्हणजे वाट बघताना ते गारठत नाहीत. आणि चढाला लागण्याआधी जो हळू चालतो त्याला म्होरक्याच्या अगदी मागे, दुसऱ्या नंबरवर घ्यायचं. गटाचा वेग मग त्याच्या पावलांनी ठरतो, आणि मागचे दणकट लोक गप्पा मारत आरामात येतात. या एका बदलाने गट जेवढा एकत्र राहतो तेवढा दहा वेळा "जरा हळू" ओरडून राहत नाही.

ईडेलचं खोरं हे सगळं पाहायला उत्तम जागा आहे, कारण इंग्लंडमध्ये पावसात पायी भटकायला निघालेले गट इथे हमखास भेटतात. मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधोमध, पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातलं हे गाव. दोन्ही शहरांतून आगगाडीने तासाभराच्या आत पोचता येतं. स्टेशनवर उतरलं की समोर हिरव्या कुरणांच्या वर काळपट कड दिसते, म्हणजे ढग नसतील तर दिसते. ती किंडर स्काउट या पठाराची. गावातून पश्चिमेला कुरणांमधून अपर बूथच्या वाडीपर्यंत जायचं, तिथून नो नदीच्या कडेने जेकब्स लॅडरचा चढ, वर पठाराच्या दक्षिण काठाने नो स्टूल, पिम चेअर, वूलपॅक्सचे गोलमटोल खडक, क्राउडन टॉवर, ग्राइंड्सलो नोल, आणि तिथून गवताळ उतार थेट गावातल्या पबच्या दारात. साधारण १४ किलोमीटर आणि साडेचारशे मीटर चढ. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये बांधून दिलेला आडाखा आजही सगळे वापरतात. आजच्या मापात तो असा: सपाटीला पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्या मापाने ही फेरी साडेतीन तासांची होते. पण नेस्मिथचा आडाखा एकट्या, तंदुरुस्त, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. अठरा जणांचा गट, पाऊस, ओले दगड, पावसाळी विजारी चढवायला लागणारा वेळ, हे धरलं की साडेपाच ते सहा तास. सकाळी साडेनऊला निघालात तर पब गाठेपर्यंत साडेतीन. डिसेंबर असेल तर पावणेचारच्या सुमारास सूर्यच मावळतो.

हा वेळ नेमका कुठे जातो, ते कुंपणं सांगतात. खालच्या कुरणांमधून जाणारी वाट शेतकऱ्याच्या खाजगी जमिनीतून जाते, आणि तिच्यावरून चालायचा हक्क कायद्याने प्रत्येकाला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा हक्काच्या वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरतात. पिवळा बाण म्हणजे पायी चालणाऱ्यांसाठी, निळा म्हणजे घोडा आणि सायकलही चालेल. मेंढरं बाहेर पडू नयेत म्हणून वाटेवर दर कुरणाला काही ना काही अडसर असतो. कुठे लाकडी पायरीची स्टाइल, कुठे दगडी भिंतीत माणूस आडवा होऊन जाईल एवढीच फट, कुठे अर्धगोल कठड्यातलं झुलतं फाटक, ज्याला किसिंग गेट म्हणतात. त्यात एका वेळी एकच माणूस, आणि पाठीवरची बॅग मोठी असेल तर तो हमखास अडकतो. एकेकाला वीस सेकंद धरा. अठरा जणांना सहा मिनिटं. पहिला माणूस पलीकडे पोचून ताशी चार किलोमीटरने चालत राहिला, तर शेवटचा पार होईपर्यंत तो चारशे मीटर पुढे गेलेला असतो. पायरी ओली आणि शेवाळलेली असेल तर प्रत्येकाला तीस सेकंद लागतात, आणि फरक सहाशे मीटर होतो. धुक्यात सहाशे मीटर म्हणजे दुसऱ्या गावात असल्यासारखंच. म्हणून म्होरक्याने कुंपण ओलांडून पन्नासेक मीटर पुढे जायचं, मागच्यांना उभं राहायला जागा होईल एवढंच, आणि थांबायचं. दारात थांबलं की तिथेच घोळका होतो आणि आणखी वेळ जातो. माणसं मोजायची जागाही हीच, कारण इथे प्रत्येक जण एकेकटा समोरून जातो. मोकळ्या माळावर टोपड्यातली डोकी मोजायला गेलं की हटकून एक कमी किंवा एक जास्त भरतं.

आणि मागे एक माणूस ठरलेला हवा. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही, हा एकच नियम. कुणाला झाडाआड जायचं असेल तर त्याने बॅग वाटेवर ठेवायची, म्हणजे मागच्याला कळतं. त्याच्याकडे नकाशाची दुसरी प्रत, शिट्टी, प्रथमोपचाराची पिशवी आणि गटाचा आकडा असतो. फाटक शेवटी तोच बंद करतो. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद, जसं सापडलं तसं. अनेक गटांत हे काम सगळ्यात नवख्याच्या गळ्यात पडतं, कारण अनुभवी लोकांना पुढे चालायची घाई. खरं तर म्होरक्याखालोखालचा जाणता माणूस मागे हवा. चुकीची वाट पुढून दिसते, दमलेला माणूस मागूनच दिसतो.

इथला पाऊस आपल्या ओळखीचा नाही, आणि मराठी मंडळी नेमकी इथेच फसतात. सह्याद्रीत जुलैच्या पावसात भिजलेलं माणूस आतून गरम असतं. टीशर्ट अंगाला चिकटलेला असला तरी चालत राहिलं की भागतं, आणि संध्याकाळी खालच्या गावात कुणाच्या तरी पडवीत पिठलं-भाकरी खाताना कपडे अंगावरच निम्मे वाळतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. लंडनला वर्षभरात पुण्यापेक्षाही कमी. पाण्याचं प्रमाण हा इथला प्रश्नच नाही. इथला पाऊस बारीक, तिरका आणि न संपणारा असतो, हवा सहा-सात अंशांवर, आणि पठारावर वारा सतत. उंचीमुळे खालच्या स्टेशनपेक्षा वर दोन-अडीच अंश आधीच कमी. अशा हवेत ओली जीन्स मांडीला चिकटून पायातली ऊब शोषून घेत राहते आणि दिवसभरात वाळत नाही. सुती बनियनचंही तेच. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा आतला थर, त्यावर फ्लीस, वर पावसाळी जाकीट, हा क्रम इथे शोभेचा नाही. चढावर फ्लीस काढून ठेवायची, थांबल्यावर पुन्हा घालायची. घाम येईपर्यंत गरम कपड्यात चढलं की माथ्यावरच्या वाऱ्यात तोच घाम बोचतो.

जाकीट गळतं ही तक्रार प्रत्येक गटात ऐकू येते, आणि बहुतेक वेळा जाकीट गळत नसतं. या कापडाच्या आत एक पातळ पडदा असतो, जो बाहेरचं पाणी अडवतो आणि आतली वाफ बाहेर सोडतो. पण वाफ बाहेर पडायला वरचं कापड कोरडं लागतं. त्यावर पाणी झटकणारा एक लेप दिलेला असतो. तो लेप मळाने, घामाने आणि साध्या धुण्याच्या पावडरीने निकामी होतो. मग पावसाचे थेंब मोत्यासारखे घरंगळायचे थांबतात, कापड गडद पडून पाणी पितं, आतली वाफ आतच साठते आणि बाह्या आतून ओल्या लागतात. नवीन जाकीट घ्यायच्या आधी जुनं अशा कपड्यांसाठी मिळणाऱ्या खास साबणात धुऊन, लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरवून बघावं. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. त्यानेही भागलं नाही तर लेप बाटलीत विकत मिळतो. बॅगेवर घालायच्या पावसाळी टोपीवर विसंबू नये. वाऱ्याने ती उडते, आणि पाठीकडून झिरपणारं पाणी तिला अडवता येत नाही. त्यापेक्षा बॅगेच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, तिचं तोंड पिळून दुमडलेलं. तिच्यात कोरडे मोजे, कोरडी विजार, एक जास्तीची हातमोज्यांची जोडी. गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडावरून पोटरीवर चढवायची आवरणं, घातले असतील तर पावसाळी विजार त्यांच्यावरून बाहेर सोडायची; आत खोचली तर विजारीवरून ओघळणारं सगळं पाणी गेटरच्या तोंडातून बुटात शिरतं. चष्मेवाल्यांनी टोपड्याखाली पुढे झडप असलेली टोपी घालावी. आणि पावसाळी विजार चढवायचा निर्णय माणसागणिक सोडू नये. "थांबेल आता" म्हणत प्रत्येक जण उशीर करतो आणि मग माळावर, एका पायावर, वाऱ्यात, चिखलाचा बूट विजारीत अडकवून उभा राहतो. अपर बूथला भिंतीचा आडोसा असतानाच म्होरक्याने सगळ्यांना घालायला लावावी.

जेकब्स लॅडर संपून पठाराचा काठ लागला की पायाखालची जमीन बदलते. पीट म्हणजे हजारो वर्षं न कुजलेल्या शेवाळ-गवताचा काळा थर. पावसात त्याचा वास येतो, ओल्या सरपणाचा आणि थोडा लोखंडाचा. बूट आत गेला की पाणी हळूच वर चढतं आणि बूट उपसताना एक जड, ओला आवाज येतो. कडेने चालून कोरडं राहायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि त्यानेच वाट वर्षागणिक रुंद होत जाते आणि पीट उघडा पडून वाहून जातो. मधोमध, चिखलातून, सरळ चालणं हेच बरोबर. उत्तरेला स्नेक पास या घाटरस्त्याच्या बाजूला याच कारणाने वाटेवर मोठाल्या दगडी फरश्या अंथरल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच लँकेशायरच्या बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीतल्या आहेत. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५, लँकेशायरला येणारा अमेरिकी कापूस तुटला तेव्हा मुंबई बंदरातून खानदेश-वऱ्हाडचा कापूस तिकडे गेला. त्या गिरण्यांच्या फरश्या आता माळावर पावसात भिजत पडल्या आहेत आणि त्यांच्यावरून मराठी माणसं बूट वाजवत जातात. काही फरश्यांवर यंत्रं ठोकायची भोकं अजून दिसतात, त्यांत पाणी साठलेलं असतं.

या माळावर पाय ठेवता येतो, तोही फुकट मिळालेला नाही. जमीनदारांनी ग्राउस नावाच्या, तितरासारख्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी तो बंद ठेवला होता. २४ एप्रिल १९३२ ला बेनी रॉथमन या तरुण मँचेस्टरकराच्या पुढाकाराने काही शे कामगार पलीकडच्या हेफील्डहून मुद्दाम किंडरवर चढले. राखणदारांशी झटापट झाली, आणि पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. पुढे १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं आणि २००० च्या कायद्याने अशा उघड्या माळांवर कुठेही पायी फिरायचा हक्क मिळाला. आठवडाभर गिरणीत आणि कारखान्यात राबणारी ही माणसं रविवारी झुंडीने निघत, कारण एकट्याला राखणदार हुसकावून लावू शकत असे. गटाने चालायची इथली रीत त्या काळात पक्की झाली. शेवटच्या माणसाला मागे सोडायचं नाही, याला तेव्हा फार रोखठोक अर्थ होता.

धुकं आलं की काठाची वाट आणि मेंढरांची वाट यांतला फरक कळत नाही. फोन हाताशी असावा, पण ओल्या बोटांना ओला पडदा दाद देत नाही आणि थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा ओएल १ क्रमांकाचा नकाशा, चार सेंटिमीटरला एक किलोमीटर या मापाचा, पाणी न शिरणाऱ्या पाकिटात, लागेल ती बाजू बाहेर घडी घालून गळ्यात ठेवावा. काठ डाव्या हाताला की उजव्या, हे दर पंधरा मिनिटांनी मोठ्याने म्हणावं, म्हणजे मागच्यालाही ठाऊक राहतं. या फेरीत पूर्वेकडे जाताना दरी उजवीकडे असायला हवी. ती दिसेनाशी झाली आणि जमीन सपाट, काळ्या चरांची होत गेली, म्हणजे आपण पठाराच्या पोटात शिरलो. तिथून फुकट हिंडण्यापेक्षा आल्या पावली मागे फिरावं. संकटाची खूण म्हणजे मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, मग पुन्हा सहा. ९९९ फिरवून आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. येणारे सगळे स्वयंसेवक असतात, आपलं ताट सोडून आलेले. पैसे घेत नाहीत.

जेवायला वूलपॅक्सच्या खडकांमागे आडोसा सापडतो, पण पावसात आडोसा पुरत नाही. इथे एक साधी वस्तू सगळा दिवस बदलून टाकते. ग्रुप शेल्टर नावाची, बहुधा भगव्या रंगाची, पातळ नायलॉनची मोठी पिशवी. आठ-दहा जण गोल करून उभे राहतात, ती सगळ्यांच्या डोक्यावरून ओढून घेतात, कड ढुंगणाखाली दाबून एकदम खाली बसतात. पाठीने कापड ताणलं जातं आणि खांबाशिवाय तंबू उभा. दोन मिनिटांत आत उबारा येतो. भगवा उजेड, दहा जणांचा श्वास, ओल्या लोकरीचा वास, कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या चटणीचा घमघमाट, बाहेर कापडावर पावसाची टपटप. बसायला फोमचा चौकोनी तुकडा नेलेला असेल तर खालून थंडी चढत नाही. आणि इथे समोरासमोर बसल्यावरच कळतं कोण गप्प झालंय. बडबडा माणूस एकाएकी बोलायचा थांबला, डब्याचं झाकण उघडायला धडपडतोय, चेन लावता येत नाही, विचारलं तर "मी ठीक आहे" म्हणून चिडतोय, तर त्याचं अंग थंड पडायला लागलंय. त्याला गोड, गरम काहीतरी द्यायचं, ओला आतला थर बदलायला लावायचा, आणि पुढचा बेत तिथल्या तिथे आखडता घ्यायचा. जेकब्स लॅडरने परत फिरणं हा या फेरीतला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा पर्याय आहे. लोकांना पठाराची फेरी पूर्ण करायची असते.

उतार दोन आहेत. ग्राइंड्सब्रुकची घळ नकाशावर सरळ पबकडे जाताना दिसते, म्हणून दमलेल्या गटाला तीच हवी असते. तिचा वरचा भाग मोठमोठ्या धोंड्यांचा आहे, पावसात त्यांच्यावरून ओढा वाहतो, आणि थकलेल्या गुडघ्यांनी तिथे उतरणं म्हणजे घोटा मुरगळायची तयारी. ग्राइंड्सलो नोलचा उतार तीव्र आहे, पण गवताचा आणि बांधीव वाटेचा. पावलं छोटी ठेवावी, काठ्या असतील तर थोड्या लांब करून घ्याव्या, टाच आधी टेकू नये. बहुतेक माणसं पडतात ती इथेच, पब दिसायला लागल्यावर.

आता पब. गटाने पब गाठणं हेही चालण्याइतकंच आखून करायचं काम आहे, आणि शेवटच्या माणसाची दुसरी पंचाईत इथे होते. पुढचे लोक पोचतात, शेकोटीजवळची बाकं धरतात, मागच्यांना दाराजवळची गार खुर्ची मिळते. तोवर स्वयंपाकघर बंद. खेड्यांतले बरेच पब दुपारी अडीचच्या सुमारास जेवण थांबवतात आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला पुन्हा सुरू करतात; सोमवार-मंगळवारी काही ठिकाणी दारच बंद. म्हणून आठवडाभर आधी फोन करून किती जण, किती वाजता, बूट आणि कुत्री चालतील का, हे विचारून घ्यावं. अठरा जणांचं जेवण अवचित मागितलं तर छोट्या स्वयंपाकघराची दाणादाण उडते. यादी मागवून प्रत्येकाचं नाव आणि पदार्थ आदल्या दिवशी कळवला तर ताटं एकदम येतात. शेकोटीजवळच्या दोन जागा मागून येणाऱ्यांसाठी राखायच्या, हे म्होरक्याने उतरायला लागायच्या आधीच सांगून ठेवावं. आत गेल्यावर सांगितलं तर उठायला कुणालाच आवडत नाही.

ईडेलमधला ओल्ड नॅग्ज हेड १५७७ पासूनचा सांगतात. स्कॉटलंडच्या हद्दीत शिरणाऱ्या ४३१ किलोमीटरच्या पेनाइन वे या पायवाटेची सुरुवातही त्याच्यापासूनच धरतात. अशा पबांची जमीन बहुधा फरशीची असते म्हणून चिखलाचे बूट खपतात. गालिचा दिसला की बूट बाहेर. ओली जाकिटं पडवीत झटकून, घडी घालून मोठ्या पिशवीत भरावी. न विचारता रेडिएटरवर पसरू नयेत, आणि ओल्या विजारीने कापडी गादीवर बसू नये. पिशवीतली कोरडी विजार आणि मोजे यासाठीच होते. कोरडे मोजे चढवल्यावर पायाची बोटं आधी दुखतात, मग झिणझिणतात आणि मग आपली वाटायला लागतात. घरून आणलेला डबा पबमध्ये उघडायचा नाही. ठेपले कितीही राहिलेले असले तरी नाही. ज्यांच्या छपराखाली बसलोय त्यांचं पोट त्या काउंटरवर चालतं.

मागणी काउंटरवर जाऊन करायची, पैसे तिथेच द्यायचे. रांग दिसत नाही, पण ती असते. कोण कुणाच्या आधी आलं हे उभे असलेल्या सगळ्यांना आणि आतल्या माणसालाही माहीत असतं; कार्ड हलवून लक्ष वेधलं तर नंबर उलट मागे जातो. एकाने सगळ्यांसाठी आणायची इथली पद्धत चार जणांपर्यंत छान चालते. अठरा जणांत पहिला माणूस बुडतो आणि सोळाव्याची पाळी येत नाही, तेव्हा चार-चारचे गट करावे. हातपंपाने ओढून देतात ती बिअर पिंपातच मुरत असते आणि तळघरात ११ ते १३ अंशांवर ठेवलेली असते. कोमट लागली तरी ती बिघडलेली नाही. फार गार केली तर तिची चवच झाकली जाते. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, अर्धाही मिळतो. उत्तरेकडे पंपाच्या तोंडाला जाळीची छोटी बोंडी बसवतात, त्याने वर सायीसारखा फेस येतो. शाकाहारी मंडळींनी एक विचारून घ्यावं: पिंपातली बरीच बिअर निवळायला माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ वापरतात. हल्ली न निवळलेली, गढूळ दिसणारी बिअरही पुष्कळ ठिकाणी असते. चिप्स कशात तळतात, हेही विचारावं. उत्तरेकडे गोमांसाची चरबी वापरणारी स्वयंपाकघरं आहेत. सांगणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही, सरळ उत्तर मिळतं. गाडी चालवणाऱ्याने लाइम-सोडा घ्यावा. इंग्लंडमध्ये मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमची आहे, पण भिजून दमलेल्या, रिकाम्या पोटाच्या माणसाने अंदाजावर जाऊ नये.

पबपासून स्टेशन साधारण एक किलोमीटर, उताराचं. गाड्या तासाला साधारण एक, तेव्हा एक गाडी चुकवायची मुभा ठेवून बेत आखावा, म्हणजे ज्याचं सूप शेवटी आलं त्याला ते घशाखाली ओतावं लागत नाही. ओले बूट शेकोटीपासून हातभर लांबच ठेवायचे. चामडं तापून तडकतं, आणि तळव्याचा डिंक सुटून पुढच्या फेरीत माळावर तळवा हातात येतो. घरी आल्यावर नाड्या आणि आतला सुटा तळवा काढून चिखल गार पाण्याने धुवायचा, वर्तमानपत्र चुरगाळून टोकापर्यंत ठासायचं आणि बूट हवेशीर जागी ठेवायचे, रेडिएटरवर नाही. कागद दर तीन-चार तासांनी बदलायचा, रात्री झोपताना एकदा जाड बोळा भरून ठेवायचा. रविवारचे बूट मंगळवारपर्यंत वाळतात, आणि किंचित ओलसर असतानाच त्यांना मेण चांगलं बसतं.